डावा तळहात

अप्पांना लकवा मारला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून चहाचा कप उचलायचा. "डावाच हाय की. उजवा शाबूत हाय, मग कशाला काळजी?" शेजारचे म्हणाले, होटगीहून आलेले मामा म्हणाले, चाटी गल्लीतल्या ज्या दुकानात अप्पांनी उभं आयुष्य कापडाची ठाणं उलगडण्यात घालवलं तिथले जुने सोबती म्हणाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेच जरा शुद्ध मराठीत सांगितलं. जेवता येईल, सही करता येईल, बोलणंही गेलेलं नाही, नशीबवान आहात. मीही मान हलवली. त्या दिवसांत कुणी नशीबवान म्हटलं की बरं वाटायचं.

अप्पा पांघरुणाखालून उजवा हात काढून डावा हात चाचपायचे आणि पुन्हा पडून राहायचे.

आम्ही लिंगायत. घरात माझी आई, म्हणजे अव्वा, आणि अप्पा एकमेकांशी कानडीत बोलतात, माझ्यासमोर मराठीत, आणि रागावले की दोन्हीत. अप्पांच्या गळ्यात लहानपणापासून चांदीच्या डबीत इष्टलिंग. सकाळी आंघोळ झाली की कपाळावर विभूतीचे पट्टे ओढायचे, पाटावर बसायचं, डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं. उजव्या हाताने पाण्याचे थेंब, भस्म, बेलाचं पान. मग तळहात छातीसमोर धरून त्याच्याकडे एकटक बघत राहायचं आणि शेवटी डोळे मिटून घ्यायचे. हे झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. देवळात जायला अप्पा एरवी कंटाळा करायचे. "माझा देव माझ्यासंगं फिरतोय, मी कशाला रांगेत उभा राहू?" असं म्हणून अव्वाला एकटीला पाठवायचे.

म्हणजे सगळे ज्याला ‘डावाच’ म्हणत होते तो अप्पांचा पूजेचा हात होता. हे आम्हाला घरात ठाऊक होतंच. पण अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून डॉक्टरांना कोण सांगणार, की साहेब, आमच्याकडे डाव्याचंच काम असतं. माणूस वाचला यातच आम्ही होतो. ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कुणाच्या कानावर घातली असती तर पुढचं किती टळलं असतं, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडते आणि तो कधी जुळत नाही.

घरी आणलं तेव्हा तो हात पिळून टाकलेल्या टॉवेलसारखा खांद्यापासून लोंबत होता. अव्वा तो उचलून मांडीवर ठेवायची, घसरला की पुन्हा ठेवायची. माझं सासर गावातच, जुळे सोलापुरात. मी रोज ऑफिसला जाण्याआधी स्कूटीवरून येऊन तेल लावून जायचे. तेलही साधं नव्हतं. अक्कलकोटच्या पलीकडून कुणीतरी आणून दिलेलं, काळं, उग्र वासाचं. कॉलेजच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई नाकाला रुमाल लावायच्या आणि मी मुद्दाम तिकडे लक्ष द्यायचे नाही.

मग एके दिवशी बोटं वळलेली दिसली. सकाळी मी आले तर अव्वा दारातच उभी. "बोटं वळायलीत बघ." खरंच, चारही बोटं किंचित आत वळली होती. अंगठा त्यांच्याखाली शिरू पाहत होता. आम्हाला वाटलं, हातात जीव आला. मी पेढे आणले. मामांना फोन केला. अप्पा दिवसभर हाताकडे बघून हसत होते. त्या आनंदाची आठवण आली की मला अजून ओशाळल्यासारखं होतं. हात परत येत नव्हता, आवळत होता. स्नायू स्वतःहून ताठरत होते आणि आम्ही त्याच्या नावानं पेढे वाटत होतो.

त्यानंतर तो चेंडू आला. पिवळा, स्पंजचा, वर हसरा चेहरा काढलेला. दुकानातल्या एका सोबत्यानं प्रेमानं आणून दिला. "दाबत राहा, ताकद यील." पुढच्या आठवड्यात आणखी कुणी आणला. मग निळा आला, मग काटे असलेला हिरवा आला. लकव्याच्या घरी जाताना चेंडू न्यायचा, असा गावात नियमच असावा. अप्पा आयुष्यभर कामाला चोख माणूस. गिऱ्हाईक काही घेणार नाही हे माहीत असतानाही शेवटचं ठाण उलगडून दाखवणारे. कापड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जरा चोळलं की सूत किती, भेसळ किती हे डोळे मिटून सांगणारे. त्यांना कुणी ‘दाबा’ म्हटलं की ते दाबणारच. सकाळी दाबायचे, दुपारी दाबायचे, टीव्ही बघता बघता दाबायचे. कपाळावर घाम यायचा. अव्वा म्हणायची, "बास की आता." ते म्हणायचे, "थांब, जोर लागायलाय."

लागतच होता. असा लागला, की काही महिन्यांनी तो चेंडू मुठीतून काढायला आम्ही दोघी लागायचो. मी एकेक बोट उचलायचे, अव्वा चेंडू ओढायची. पिवळा चेहरा चेपून वाकडा झालेला असायचा. मनगट आतल्या बाजूला मुडपलेलं, मूठ छातीशी चिकटलेली. जांभई आली की मूठ आणखी आवळायची. ठसका लागला तरी आवळायची. टीव्हीवरच्या बातम्यांचा राग आला तर विचारायलाच नको. अप्पा मुळात शांत. रागाच्या बाबतीत मी आजीवर गेलेय असं अव्वा म्हणते. आता मुठीवरून कळायचं, की आतून यांनाही संताप येतो. "इतकी वर्सं लपवला," अव्वा चिडवायची, "आता कुटं लपवणार?" अप्पा हसायचे, आणि हसलं तरी मूठ आवळायची.

मुठीच्या आत हवा जायची नाही. घाम साचून वास यायचा. नखं तळव्यात रुतायची. रोज सकाळी अव्वा कोमट पाण्यात हात धरून बसायची, बोटांच्या फटीतून ओलं फडकं आत सरकवायची, कोरडं करायची, मग कापसाची छोटी गुंडाळी आत ठेवायची. ती इतक्या हळू हे करायची, की मला बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटायचे.

आणि पूजा. सुरुवातीला लिंग पाटावर एका लहान ताटलीत ठेवून अप्पा पाणी घालायचे. घालायचे आणि नजर दुसरीकडे वळवायचे. एकदा मठातले स्वामी घरी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, उजव्या तळव्यावर घेतलं तरी चालतं, भाव महत्त्वाचा. अप्पांनी वाकून नमस्कार केला. स्वामी गेल्यावर म्हणाले, "उजव्यावर घेतलं तर पाणी घालणार कोण?"

"मी घालते की," अव्वा म्हणाली.

"मग पूजा माजी का तुजी?"

अव्वानं पदर खोचला आणि कामाला लागली. मी म्हटलं, "अप्पा, एवढे महाराज सांगताहेत तर ऐका ना." ते म्हणाले, "डावा त्याची बैठक हाय गं. पन्नास वर्सं तितं बसलाय त्यो. आता उठ म्हणून कसं सांगू?" मला राग आला होता. आजारी माणसानं हट्ट करू नये असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, एवढा एकच हट्ट त्यांनी केला.

एका सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे येतं त्या दिवशी घर पाण्याच्या तालावर चालतं. अव्वा मागच्या अंगणात पिंप भरत होती. मी आत आले तर अप्पा खुर्चीत बसलेले, शर्टाची बटणं उघडी, गळ्यातली डबी उघडी, समोर तांब्या आडवा, आणि नजर जमिनीवर.

"काय झालं?"

"पडलं."

मला वाटलं अव्वाच पडली. मी धावत मागे जाऊन आले. ती ठणठणीत होती, पाइपावर ओरडत होती. परत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं. अंगठा आणि वळलेल्या बोटांच्या मध्ये जी खोबण होते, तिच्यावर अप्पांनी एकट्यानं लिंग बसवून पाहिलं होतं. बसलंही होतं. मग त्यांनी गार पाणी घातलं, आणि गार पाण्यानं हाताला आपोआप झटका बसला.

लोखंडी कपाटाखाली घरंगळत गेलं होतं. मी सवयीनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"झाडू लावू नको," अप्पा म्हणाले. आजारपणानंतर त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका वर गेला होता, आणि मूठ हनुवटीपर्यंत चढली होती.

मी ऑफिसच्या साडीवर जमिनीवर पालथी पडले. कपाटाखाली हात घातला. धूळ, एक जुना चाप, वाळलेलं बेलाचं पान, मग ते. गार, काळं, गुळगुळीत, वाटलं होतं त्याहून जड. मी ते अप्पांच्या उजव्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, आणि मग ते रडले. लकव्यानंतर माणसं लवकर रडतात असं डॉक्टर म्हणाले होते. पण हे रडणं तसलं नव्हतं, हे मला कळत होतं. पिंप भरून वाहिलं आणि पाणी अंगणातून दारापर्यंत आलं तरी आम्ही तिघं तिथंच होतो.

त्याच दिवशी मी ऑफिसातल्या बाईंना फोन केला. रुमाल लावणाऱ्या त्याच. त्यांच्या दिरांना असाच त्रास होता आणि ते सात रस्त्याच्या बाजूला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जात होते. तिथं नवीन मशीन आलंय म्हणाल्या, शॉक वेव्हचं.

‘शॉक’ ऐकून अव्वानं चटणी कुटायचा हातातला बत्ता खाली ठेवला. "करंट देणार? या वयात?" मी समजावलं, वीज नाही गं, दाबाच्या लाटा असतात, मुतखडा फोडतात त्या जातीचं मशीन, पण हलकं. ती म्हणाली, "हात हाय का खडा हाय, फोडायला?" अप्पा मात्र लगेच उठायला लागले. चप्पल कुठाय म्हणून विचारायला लागले.

फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगी होती. घरी माग असलेल्या तेलुगू कुटुंबातली, मराठी अगदी आपल्यासारखं बोलणारी. तिनं मूठ दोन्ही हातांत घेतली, हळू उघडायचा प्रयत्न केला, मनगट वरखाली करून बघितलं. म्हणाली, स्नायू ताठर आहेत पण सांधे अजून पूर्ण आखडलेले नाहीत, वाव आहे. मग अप्पांनी अभिमानानं सांगितलं, की रोज चेंडू दाबतो, एक दिवस चुकवला नाही.

ती म्हणाली, "काका, दाबायचं काम हा हात न सांगता करतोय. याला सोडायला शिकवायचं होतं. चेंडू आता बंद करा."

"मग इतके महिने आमी काय केलं?" अप्पांनी विचारलं.

फार चांगली मुलगी, तिला दुखवायचं नव्हतं. म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना. मला त्या हसऱ्या चेंडूंचा, ते आणणाऱ्या सगळ्या भल्या माणसांचा, माझा, सगळ्यांचाच इतका राग आला, की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. काचेच्या दारातून अप्पा दिसत होते. आपल्या मुठीकडे असे बघत होते, जसं एखाद्या इमानी नोकरानं आपल्याला फसवलं असावं.

परत आत गेले तेव्हा ती विचारत होती, "काका, या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

इतक्या महिन्यांत, इतक्या दवाखान्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. अप्पांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि चांदीची डबी दाखवली. "हे ठेवायचंय." तिनं मान डोलावली. मग तिनं अप्पांना डोळे मिटायला लावून हाताला ठिकठिकाणी कापूस लावून बघितला. जाताना मला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगितल्या. या उपचाराचा सगळ्यांना सारखाच गुण येतो असं नाही. आला तरी कायमचा नसतो, काही आठवडे, काही महिने, तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. आणि हाताला स्पर्श कमी कळतोय. मी म्हटलं, "ते होईल हो मॅडम, आधी मूठ तर उघडू दे."

मशीन म्हणजे एका पेटीला जोडलेला दांडा, हातात धरायच्या ड्रिलसारखा. आधी हाताच्या आतल्या बाजूला गार जेल लावायची, मग दांडा टेकवला की टक्-टक्-टक्-टक् सुरू. शेजारच्या गल्लीतला माग जसा न थांबता वाजतो तसा. कोपराखालच्या मांसल भागावर, मग मनगटाकडे, आणि शेवटी बोटं धरून तळव्यावर. तिथंच बार्शीहून येणारे एक गृहस्थ टाचेला हेच मशीन लावून घ्यायचे आणि मोठमोठ्यानं कण्हायचे. अप्पा शांत. "काका, दुखलं तर सांगा हं," ती दर वेळी म्हणायची. "न्हाय दुखत." बार्शीवाले कौतुकानं बघायचे. अव्वा मान ताठ करून बसायची. सोसणारा माणूस म्हणून मलाही अभिमान वाटायचा.

अवघड गेलं ते मशीननंतरचं. "सैल सोडा काका, सोडा," ती म्हणायची, आणि सोडायचा जोर लावला की मूठ आणखी मिटायची. अव्वा एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीतून कानडीत पुटपुटली, "बिड्री," म्हणजे सोडा. पुन्हा म्हणाली, "बिड्री." अप्पांना हसू आलं, श्वास सुटला, आणि बोटं थोडी ढिली पडली. त्या मुलीनं तो शब्द उचलला. पुढे अख्ख्या दवाखान्यात लकव्याच्या प्रत्येक पेशंटला ती ‘बिड्री’ म्हणायला लागली, मग तो कुठल्याही भाषेचा असो.

आठवड्यातून एकदा जायचो. घरी रोज बोटं ताणायची, झोपताना मनगटाला पट्टी बांधून हात सरळ ठेवायचा. अप्पा हेही त्याच चोखपणे करायचे. मला धाकधूक वाटायची, की हाही मेहनतीचा चुकीचाच रस्ता निघायचा. पण हळूहळू अंगठा बाहेर आला. अव्वाचं फडकं मुठीत सहज जाऊ लागलं. मग दवाखान्यात त्या मुलीनं एक सुपारी तळव्यावर ठेवली आणि ती राहिली. अप्पा सुपारीकडे टक लावून बघत होते, पापणी न हलवता. घसरेलसं वाटलं की मनगट सावरायचे. आम्ही टाळ्या वाजवल्या. बार्शीवाल्यांनीही वाजवल्या.

सोमवारी डाव्या हातावर पूजा करायचं ठरलं. मी रजा टाकली. अव्वानं आदल्या दिवशीच बेल आणून ओल्या फडक्यात ठेवला होता. गार पाण्यानं झटका येतो म्हणून पाणी कोमट केलं. अप्पा आंघोळ करून आले. खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची, आणि डाव्या कोपराखाली उशी. विभूती लावली. उजव्या हाताने डबी उघडली. डावा हात मांडीवरून उचलून समोर घेतला, तळवा वर केला. तो उघडला. पूर्ण सपाट नाही, पण ओंजळ करावी तेवढा, पुरेसा. त्यांनी लिंग त्यावर ठेवलं.

राहिलं.

अव्वा माझा दंड धरून उभी होती. अप्पांनी पाण्याचे थेंब घातले, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. मग बघत राहिले. बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला आजवरचे सगळे चेंडू, सगळं तेल, सगळं काही माफ करावंसं वाटलं. शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

आणि लगेच उघडले. तळव्याकडे बघितलं. पुन्हा मिटले. पुन्हा उघडले. तिसऱ्यांदा मिटले तेव्हा कपाळावर आठी आली. मला वाटलं, हात दुखतोय. मी पुढे झाले. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "पडलं काय गं?"

"नाही अप्पा. आहे की. तळहातावरच आहे."

"हाय?"

"आहे."

ते मग डोळे उघडून लिंगाकडे बघत म्हणाले, "मला कळंना झालंय."

थंड की गरम, जड की हलकं, काहीच नाही. डोळे उघडे असले की ते तिथं आहे, मिटले की नाही. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. अव्वा सकाळी तासभर मूठ धुवायची तेव्हा तिची बोटं त्यांना समजत नव्हती. मशीन तळव्यावर टकटक करायचं तेव्हाही नाही. मी चिडून विचारलं, म्हणजे मला रडू येत होतं म्हणून चिडून विचारलं, "अप्पा, आम्हाला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं मिटलीय म्हणून कळंना," ते म्हणाले. "मिटल्या मुठीत काय कळायचं? उघडली की कळंल, म्हटलं."

मी त्या मुलीला जाऊन विचारलं. आवाज चढवूनच विचारलं असेन. तिनं शांतपणे सांगितलं, की हे मशीन स्नायूचा ताठरपणा कमी करतं, मेंदूला पोचायची जाणीव त्यानं परत येत नाही. जाणिवेसाठी वेगळे व्यायाम असतात, वेगवेगळी कापडं चोळायची, गरम-गार ओळखायला शिकवायचं. ते सुरुवातीला जास्त उपयोगी पडतात. आता करून बघू, पण खोटी आशा लावणार नाही. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे ती बोलली नाही. मलाच आठवत होतं.

आम्ही कापडं चोळतो. अव्वा रोज खादी, रेशीम, टॉवेलचा तुकडा तळव्यावर फिरवते आणि अप्पा डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न करतात. बहुतेकदा चुकतात. कधी बरोबर आलं तर तो अंदाज असतो, हे तिघांनाही माहीत असतं. थंडीत मूठ पुन्हा आवळायला लागते, मग आम्ही परत सात रस्त्याला जातो, मशीन लावतो, हात पुन्हा पूजेपुरता उघडतो. मूठ आता उघडते, तेव्हा मी वाईट वाटून घेऊ नये असं सगळे सांगतात. मी घेते. मला वाटतं, आम्ही पहिल्या दिवसापासून त्या हाताला फक्त उघडा किंवा बंद एवढंच समजत आलो.

अप्पा रोज पूजा करतात. लिंग डाव्या तळव्यावर, पाणी उजव्यानं. अव्वा शेजारी स्टुलावर बसून असते, आधी ती तेवढ्या वेळात कणीक मळून घ्यायची. अप्पा आधी टक लावून बघतात, जितका वेळ बघवेल तितका. मग डोळे मिटतात. थोड्या वेळानं, डोळे मिटलेलेच ठेवून, हळूच विचारतात, "हाय का गं?"

"हाय," अव्वा म्हणते.